अवकाशाला अवकाश हाय

कारखान्यातला लोखंडाचा कीस रोज संध्याकाळी झाडून भंगारात जातो. किस्से मात्र कोणी झाडत नाही, ते साठतच राहतात. आमच्याकडे तर हल्ली इतके साठलेत, की सांगायला बसलं तर चहा दोनदा गरम करावा लागतो!

आमचा म्हणजे अण्णांचा कारखाना, सोलापूरच्या एमआयडीसीत. मी ऑफिस बघते. अण्णांच्या वडिलांपासून इथे मागाचे सुटे भाग बनतात. पण माग बंद पडत गेले, कामं आटली आणि चांगले कारागीर एकेक करून पुण्याची गाडी धरू लागले. अशात सरकारने जाहीर केलं, की लष्कराच्या उपग्रहांचं काम आणेल त्याला करात सवलत! हैदराबादची एक कंपनी उपग्रहात बसणाऱ्या ब्रॅकेटचं काम द्यायला तयार झाली. पण सवलतीचा दाखला मिळाला तरच आमचा भाव परवडणार होता. दाखला नाही तर काम नाही, आणि काम नाही तर कारखान्याला कुलूप.

*

सीए साहेब सवलत समजावून सांगायला आले. "अण्णा, तुम्ही टॅक्स भरायचा, मग सरकार त्यातला काही परत करणार."

"परत करायचाय तर घ्यायचा कशाला?"

"अहो, लग्नात परतीचा आहेर नसतो का? तसंच."

अण्णा गंभीर झाले. "त्याचीच भीती वाटते, साहेब. आपण भरपोशाख न्यायचा आणि परत येताना टॉवेल-टोपी!"

*

लष्कराचं काम म्हणून अण्णांनी वॉचमनला बजावलं, आतलं बाहेर कळता कामा नये. वॉचमन म्हणजे वळसंगचा शिवप्पा. सांगितलेलं शब्दशः पाळणार!

दुसऱ्याच दिवशी कुरिअरवाला आला. "अण्णा आहेत का?"

"सांगता येत न्हाय. मिल्ट्रीचं काम हाय."

मागून अण्णा ओरडले, "अरे शिवप्पा, मी हितंच उभा हाय की!"

शिवप्पाने मान वळवली नाही. "तरीबी सांगता येत न्हाय!"

*

कांबळे मामा आमचे सगळ्यात जुने टर्नर. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचा सारखा फोन, "बाबा, आता बास की. इकडं या." मामांनी बॅगही भरून ठेवली होती. "ब्रॅकेटचा नमुना तेवढा करून देतो आन् जातो," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मामा नसलेला कारखाना मी पाहिलेलाच नाही.

नमुना झाला. मामांनी ब्रॅकेट तळहातावर तोललं. "अण्णा, ह्येला वजनच न्हाय की! गिऱ्हाईक पैसं देईल व्हय?"

"मामा, तिकडं जड वस्तू वर न्यायलाच लई खर्च येतो."

मामांनी अण्णांच्या पोटाकडे पाहिलं. "मग तुमाला काळजी न्हाय. तुमी काय लवकर वर जात न्हाय!"

*

दाखल्यासाठी तपासणीचा दिवस. उद्योग खात्याच्या मॅडम वेळेआधीच गेटवर हजर! आत ब्रॅकेटच्या कामासाठी बांधलेल्या नव्या खोलीची लादी पुसणं चाललेलं. आणि शिवप्पाला अण्णांची सक्त ताकीद, मॅडमशी गोड बोलायचं.

मॅडमनी विचारलं, "अवकाशाचं काम इथंच ना?"

आता आमच्या शिवप्पाला अवकाश म्हणजे वेळ, एवढंच ठाऊक. तो हसून म्हणाला, "अजून लई अवकाश हाय, मॅडम. बसा की!"

"हो का! कुठं आहे? बघू दे."

"आता अवकाश कुटं दाखवू तुमाला? लादी वाळू द्या!"

मॅडम इतक्या हसल्या, की अण्णा धावत बाहेर आले. लादी वाळेपर्यंत त्या शिवप्पाच्याच खुर्चीवर बसल्या. मग आत जाऊन त्यांनी मशीन पाहिलं, ब्रॅकेट हातात घेऊन उलटसुलट न्याहाळलं. "हे कोणी केलं?" म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यांनी मामांकडे बोट दाखवलं. मामा मात्र मशीन पुसत राहिले.

*

दाखला आला त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले. पाठोपाठ हैदराबादहून ऑर्डर पक्की झाल्याचा फोन. मामा पेढा हातात धरून मशीनपाशीच उभे होते, तोंडात टाकायचंही भान नव्हतं. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. पुण्याहून मुलगा.

"बाबा, निघताय न्हवं?"

मामांनी शिवप्पाकडे पाहिलं. "अजून अवकाश हाय, बाळा."

"आता आणि अवकाश? कुठवर, बाबा?"

मामांनी पेढा तोंडात टाकला.

"लई वर!"