दादाची खोली

दुबईला निघताना आईने एकच काम सांगितलं होतं. दादाची खोली बघून ये. कुठे झोपतो, कशावर शिजवतो, ते डोळ्यांनी बघ. रत्नागिरीला सुट्टीवर येतो तेव्हा दादा कडक इस्त्रीत असतो, आणि फोनवर दिसतो तो नेहमी कुठल्यातरी चकचकीत दुकानासमोर उभा. आईला त्या दुकानांच्या मागचं बघायचं होतं. खरं तर मलाही.

मला त्याने लॉजवर उतरवलं होतं. परतीच्या आदल्या दिवशी त्याने रजा काढली. सकाळीच मी म्हटलं, आज खोलीवर जाऊ.

"जाऊ की. आधी जरा बाजार करू. आज घाई नाही."

मग मॉल. इतका थंड की मी शर्टाची वरची बटणं लावली. आत्यासाठी अत्तर, काकूसाठी बदाम, शेजाऱ्यांच्या पोरांसाठी चॉकलेटं. दादा प्रत्येक अत्तर मनगटावर लावून बघत होता आणि मला हुंगायला लावत होता. मला पांढरे बूट घेतले. मी म्हटलं, आपल्या लाल मातीत हे आठवडाभर टिकणार नाहीत.

"मग आठवडाभर घाल," तो म्हणाला.

दुपारी पुन्हा विचारलं. "संध्याकाळी बघू." संध्याकाळी त्याने टॅक्सी केली ती थेट एका उंच इमारतीपाशी. वरच्या मजल्यावर हॉटेल. बसल्याबरोबर वेटरने माझ्या मांडीवर कापड पसरलं. मोठ्या ताटात माशाची एवढीशी तुकडी आली, वर एक पान.

"आपल्याकडे याला चव बघायला दिली म्हणतात," दादा हसत म्हणाला.

मला हसू आलं नाही. मी सरळ विचारलं, "किती जण राहता एका खोलीत?"

"जेव आधी."

"दादा, यात लाजण्यासारखं काय आहे? लाज वाटायची तर तुम्हाला असं कोंबून ठेवणाऱ्यांना वाटली पाहिजे."

"हे बघ, सुरू झालं. बाबांच्या युनियनची पत्रकं वाटत मोठा झालास, आता स्वतःची लिहितोस. चांगलं आहे. पण माझ्या खोलीवर पत्रक नको. मी तिथे राहतो."

मी चिडून म्हटलं की मी लिहिणार नव्हतो. पण माझ्या मनात पहिली ओळ सकाळपासून तयार होती आणि ते त्याला माझ्या तोंडावर दिसत असणार. तरीही माझा राग गेला नाही. लपवलेल्या गोष्टीविरुद्ध कोणी कसं भांडायचं?

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. दादाने फोन फिरवून तिला खिडकी दाखवली, खालचे दिवे दाखवले, शेजारच्या टेबलावरचा फुलासारखा दुमडलेला कापडी रुमाल दाखवला. मग तिने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.

"खोली बघितलीस?"

दादा काट्याने ते पान ताटाच्या कडेला सारत होता.

"नाही. नेत नाही तो मला."

मी वाट बघत होतो, आता ती त्याला खडसावेल. तिचं तो ऐकतो.

"असू दे," ती म्हणाली. "लांब असेल. फोन दे त्याच्याकडे." आणि त्याला विचारलं, "पोटभर जेवतोस ना रे?"

"पोटभर, आई."

दिवसभर मी तिच्यासाठी भांडलो होतो, आणि तिनेच त्याला सोडून दिलं. फोन ठेवल्यावर दादाने गोड पदार्थांचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मी ते उघडलं नाही.

"बरं, मग मीच मागवतो दोघांसाठी," तो म्हणाला, आणि त्याने वेटरला हात केला.