दिसल्याशिवाय न काढणाऱ्या बाई

समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याचं बोलणं डोळ्यांपुढे उभं राहिलं नाही की कुसुमबाई कुंचला खाली ठेवत. "मले हे दिसून नाई राह्यलं, भाऊ. कसं काढू?" गोंडपिपरीच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत.

चंद्रपूरला रात्रीचं आकाश काळोखं राखण्याविषयी एक बैठक होती. आकाशाचे अभ्यासक, डॉक्टर, वनाधिकारी, गावकरी असे सगळे येणार होते. चर्चा चालू असतानाच भिंतीवरच्या लांबलचक कागदावर त्या बोलण्याची चित्रं काढायला मी बाईंना बोलावलं. आयोजन माझ्याकडे, संध्याकाळपर्यंत ठराव व्हायलाच हवा, या धास्तीत मी सकाळपासून होतो.

एक अभ्यासक "प्रकाशप्रदूषण" म्हणाले आणि बाई थांबल्या. "दिसून नाई राह्यलं." सभागृह हसलं, मी घड्याळाकडे पाहिलं. अभ्यासक मात्र शांतपणे म्हणाले, "लहानपणी अंगणातून आकाशगंगा दिसायची. आता खाणीच्या उजेडात हरवते." बाईंचा हात सपासप चालू लागला.

दुपारपर्यंत कागद चांदण्यांनी भरला. जंगलालगतच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे रात्रभर बंद ठेवावेत, असा ठराव अध्यक्ष वाचू लागले. मागच्या रांगेत सुशीला नावाची शेतकरीण पदराचं टोक पिळत बसली होती. कुसुमबाई सरळ तिच्यापाशी गेल्या. "काऊन बोलून नाई राह्यली, बाई?"

"पहाटे अंधारातच गोठ्यात जा लागते," सुशीला म्हणाली. "लाइट बंद केली त वाघ कुठी बसला हाये, मले कसं दिसन? माह्या जावेले तसंच नेलं."

कागदावर जागा उरली नव्हती. बाईंनी मधल्या चांदण्यांवर रंग फिरवला आणि तिथे गोठा, दिवा आणि शेणाची टोपली घेतलेली बाई काढली.

"तुम्ही फक्त चित्र काढा," अध्यक्ष चिडले.

"तेच करून राह्यली, साहेब."

ठराव अडला. तासभर वाद झाला. शेवटी त्या अभ्यासकांनीच सुचवलं: गावातले दिवे राहू द्या, वर झाकण बसवून उजेड खाली वाटेवर पाडा, आधी खाणीवरचे झोत कमी करायला सांगा. तसं ठरलं.

बसस्टँडवर बाई म्हणाल्या, "तू लय घाबरला होता ना? मी बी. पण तिले पाहून थांबता नाई आलं."

पुढच्या बैठकीला बोलवायच्या लोकांची यादी घेऊन मी अध्यक्षांपुढे उभा राहिलो. कुसुमबाईंच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. "त्याच का ह्या?"

"हो साहेब, त्याच," मी म्हणालो, आणि सही होईपर्यंत तिथून हललो नाही.