लाल दोऱ्याचं बटण

रफूमावशी नाकावर माशी बसू देत नसे. बाजारात एका जिन्याखाली तिचं टीचभर दुकान होतं, आणि उभा जन्म तिने तिथे बसून लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवण्यात घालवला. तिने रफू केलेली जागा ज्याचा कपडा त्यालाही सापडायची नाही. "शोधून दाखवा," ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "सापडली तर फुकट!" तिची जाऊ म्हणायची की हिने नवऱ्यालाही असाच रफू करून सरळ केला, फक्त तिथे टाके जरा उसवले. मावशी त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायची.

मग टेकडीमागच्या जुन्या खाणीतलं पाणी आटलं आणि तळाशी माणसं सापडली.

वाईट दिवसांत ज्यांना घरातून गाडीत घालून नेलं आणि जे परत आले नाहीत, ती ही माणसं. रोज सकाळी बाजारातल्या एका गोदामापाशी ट्रक यायचा, गोण्या उतरायच्या. वाटायचं, झालं, आता संपली असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रक. रस्त्यावरचे लोक ट्रक दिसला की दुकानाच्या पाट्या वाचायला लागायचे. कारण नेणाऱ्यांतले काहीजण अजून त्याच बाजारात भाजी घेत होते, भाव करत होते. त्यांचे कोट मावशीनेच रफू केले होते. गोदामाच्या समोर चहाची टपरी होती, आणि आत कोण गेलं, किती वेळ थांबलं, हे तिथे बसून कुणी ना कुणी बघत असायचं.

हाडांचं काम करायला एक डॉक्टरीणबाई बाहेरून आल्या होत्या. त्यांनी मावशीला गोदामात बोलावून घेतलं. "मावशी, यांच्यावर चुना टाकलाय. हाडांची अशी वाट लागलीय की त्यातून काही जुळेना. टेरिकॉट मात्र कुजत नाही. आता कपडे पाहून घरच्यांनी ओळखलं तरच. तुम्ही धुवा, वाळवा, टांगा. पण टाका एकही घालायचा नाही. भोक म्हणजे पुरावा."

"भोकासकट टांगायचं?" मावशी म्हणाली. "माणूस मेला म्हणून त्याची अब्रू गेली का?"

"टाका घालायचा नाही."

मावशीने ऐकलं. हात शिवशिवायचे, पण ती मुठी वळून बसायची. गोदामात ओल्या मातीचा आणि साबणाचा वास कोंडलेला असायचा. वारा नसतानाही एखादी बाही हलली की मावशी दचकायची आणि मग स्वतःलाच शिव्या घालायची. मनातून ती घाबरलेली होती. त्या दोरीवरच्या कपड्यांना पाठ दाखवून बसायला तिला नको वाटायचं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एका फिक्या निळ्या शर्टाचं दुसरं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं होतं, तपकिरी, आणि भडक लाल नायलॉनच्या दोऱ्याने कसंबसं डकवलेलं. "कोण ही आळशी भवानी!" मावशी पुटपुटली. निळ्यावर लाल? बटण म्हणजे काही भोक नव्हे, असं तिने मनाशी ठरवलं, कात्री लावली आणि आपल्या डब्यातलं जुळतं पांढरं बटण निळ्या दोऱ्याने बसवलं. असं सुबक, की जणू कारखान्यातूनच आलं. काढलेलं बटण लाल दोऱ्यासकट डब्यात टाकलं. डॉक्टरीणबाईंना कळलंही नाही, आणि मावशीला त्या दिवशी जरा बरं वाटलं.

मग बातमी आली की वरून हुकूम निघालाय. ज्यांना कुणी ओळखलं नाही त्यांना येत्या शनिवारी नंबर घालून एकाच खड्ड्यात पुरायचं आणि गोदाम बंद करायचं. डॉक्टरीणबाई चिडल्या, भांडल्या, पण काही चाललं नाही.

शुक्रवारी सकाळी एक बाई आली. पन्नाशीची, पदर घट्ट आवळलेला, टपरीकडे न बघता सरळ आत शिरली. गोदामाची रीत अशी होती की कपड्यांपुढचा पडदा सारण्याआधी घरच्यांनी कपड्याचं वर्णन सांगायचं, म्हणजे नुसत्या आशेने कुणी भलत्याचाच सदरा कवटाळू नये.

"काय घातलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फिका निळा शर्ट. वरून दुसरं बटण लाल दोऱ्याने लावलेलं. मीच लावलं. ते लोक दारात उभे होते, घाई करत होते, निळं रीळ हाताला लागेना. हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, उघड्या छातीने कसे जाल?"

कोपऱ्यात बसलेल्या मावशीने बटणांचा डबा पदराखाली ओढला.

पडदा सरला. बाई दोरीपाशी हळूहळू चालत गेली. निळ्या शर्टासमोर थांबली, पुढून पाहिला, मागून पाहिला, मग बटणावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "हे नव्हेत. दुसऱ्या कुणाचा आहे." आणि ती हसली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बाई बाहेर पडली. मावशी तिथेच बसून राहिली. गप्प बसलं तर काय बिघडेल? एक घर आज हसत जेवेल. आणि बोललं तर आपल्याच हाताने त्या घराच्या अन्नात माती कालवायची. पण उद्या तो खड्डा. त्याची बायको दारापर्यंत येऊन परत गेली, आणि तो नंबर होऊन जाणार. माझ्यामुळे. मावशीला रडू फुटलं. तिने डबा पालथा केला, बटणांच्या ढिगातून ते तपकिरी बटण उचललं आणि चपला न घालता धावत सुटली. टपरीवरच्या माणसाने मान वळवून पाहिलं. पाहू दे मेल्याला.

बाई बसथांब्यावर एकटीच बसली होती.

"अहो बाई, थांबा. तो शर्ट..." मावशीने धापा टाकत मूठ उघडली. "मीच बदललं हो. माझ्या या मेल्या हातांना सवय..."

बाईने बटणाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "झाका ते."

"तुमचा माणूस आहे तो."

"माहीत आहे मला. बघितल्याबरोबर ओळखला. मागे, खालच्या बाजूला इस्त्रीचा चटका आहे, माझ्याच हातचा. केवढं भांडलो होतो त्यावरून." तिचा आवाज अगदी साधा होता. "मग बटण पाहिलं. ते वेगळं होतं. म्हटलं, देवाने मला एक पळवाट ठेवलीय. सासूबाई आजही दाराला कडी लावू देत नाहीत. आज घरी जाऊन खरंखुरं सांगणार होते, की बटण वेगळं होतं. मी खोटं नाही ना बोलले?"

मावशीला आपल्याच हातांची किळस आली, शिवलं त्याची आणि आता उसवलं त्याचीही.

"उद्या नंबर घालून पुरतील हो," ती कशीबशी म्हणाली.

बस आली. कंडक्टरने दोनदा हाक मारली, मग घंटी दिली. बस गेली. बाईने मावशीच्या तळहातावरचं बटण उचललं, लाल दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि उठली.

"चला," ती म्हणाली. "पण डॉक्टरीणबाईंना तुम्ही सांगा. माझ्या तोंडून 'हो' निघायचं नाही. मी नुसती मान हलवीन."