बंद तोंडाचा खर्च

किस्से प्रत्येक डॉक्टरकडे साचतात. माझ्याकडे जरा जास्तच साचले, कारण बोलत्या माणसांची तोंडं बंद करणं हाच माझा धंदा होता! मी जबड्याचा सर्जन. नव्वदच्या दशकापासून नाशिकला प्रॅक्टिस केली. अपघातात जबडा मोडला की उपाय दोन. एक म्हणजे प्लेट बसवायची. ती महाग, पण थोड्याच दिवसांत माणूस बोलायला लागतो. नाहीतर वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधायचे. हे स्वस्त, पण दीड महिना तोंड बंद. बहुतेक जण तारच मागत. ती खरंच स्वस्त होती का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

*

वणीच्या रस्त्यावर टेम्पो उलटला. ड्रायव्हरचा जबडा दोन्हीकडून मोडलेला. खर्च ऐकून त्याच्या भावाने विचारलं, "डाक्टर, निम्मा जबडा आत्ता करा, निम्मा द्राक्षाचा सीझन गेल्यावर. चालंल का?"

आमच्या रिसेप्शनिस्ट सिंधूताई खुदकन हसल्या. तो हसला नाही.

*

पातळ खायला द्या, असं सांगणं मला फार सोपं वाटायचं. मखमलाबादच्या एका फुलं विकणाऱ्या बाईंनी नवऱ्यासाठी हप्त्यांवर मिक्सर घेतला.

"तुमच्या बिलापेक्षा मिक्सर महाग पडला, डॉक्टर!"

"पाट्यावर वाटलं असतं तर?" मी भाबडेपणाने विचारलं.

"वाटलं की आठ दिवस! माझं मनगट गेलं तर त्याला कोणती तार बांधणार होतात?"

*

पंचवटीतले एक गुरुजी ऐन पितृपक्षात पडले. घरी बसणं परवडणारं नव्हतं. बांधलेल्या दातांनीच श्राद्धाला गेले.

यजमान म्हणाले, "गुरुजी, असे मंत्र पितरांना कळतील का?"

गुरुजी दातांतूनच म्हणाले, "पितरांना तरी कुठे दात आहेत? त्यांना बरोब्बर कळतं!"

सगळे हसले. दक्षिणा मात्र निम्मीच मिळाली.

*

एका मुलीच्या गालाचं हाड आत गेलं होतं. लग्न ठरलेलं. वडील हिशेब करून थकले आणि मलाच विचारू लागले, "डॉक्टर, गाल करू की मांडव घालू?"

दोन पदव्या असूनही मी उगाच एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. मुलगीच म्हणाली, "बाबा, मांडव लहान घाला. तो एका दिवसात उतरतो."

*

दशरथभाऊ पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या लिलावाची बोली पुकारायचे. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, खणखणीत आवाजात. मोटारसायकलवरून पडले. प्लेट परवडेना, तार बांधली.

"रोजावर हाय मी," ते दातांतून म्हणाले. "दीड महिना दुसरा पुकारायला लागला, की लोकांच्या कानाला त्याचाच आवाज बसंल. मंग मला कोन बोलावणार?"

"जबडा हलवलात तर वाकडा जुळेल, भाऊ."

तार कापायची छोटी पक्कड मी प्रत्येक पेशंटजवळ देत असे. उलटी आली तर जीव गुदमरू नये म्हणून. दशरथभाऊंनी ती खिशात टाकली आणि माझी झोप उडाली. हा माणूस तार कापणार! शेवटी न राहवून एका सकाळी मी गाडी काढली आणि पिंपळगाव गाठलं.

बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा, नुसता कल्ला. मी त्या गोंगाटात त्यांचा आवाज शोधत होतो. पार पलीकडच्या रांगेशी पोचलो, तर तिथे सगळं शांत. इंजिनं बंद. शेतकरी, व्यापारी एकमेकांना खेटून उभे. मधोमध दशरथभाऊ, दात तारेत घट्ट, पुटपुटत बोली पुकारत होते.

मागून एक व्यापारी ओरडला, "चारशे दहा!"

"ए, वरडतो काय?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला दटावलं. "भाऊंचं ऐकू येत नाय!"

व्यापारी वरमला. गर्दीतून वाट काढत पुढे आला, दशरथभाऊंच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, "चारशे दहा."