पाणी तपासणाऱ्या बाईंची धास्ती

आमच्या इमारतीत एखादा पाहुणा नळाच्या पाण्याकडे संशयाने पाहू लागला, की कोणीतरी ठसक्यात सांगत असे, "खुशाल प्या हो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तपासलंय ते. त्या स्वतःच्या सावलीलासुद्धा दोनदा विचारून मग पाऊल टाकतात." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यावर आपली भर घालत, "देवानं भीती वाटायला काढली तेव्हा बाकीच्यांनी ओंजळ धरली, हिनं पदर पसरला!" सगळे हसत. त्या हसण्यात टिंगल कमी आणि भरवसा जास्त असे. एका बाईच्या भित्रेपणाच्या जिवावर साठ घरे निर्धास्त होती.

बाई जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे नोकरीला होत्या. रोज सकाळी साडेपाचला टाकीच्या तोंडाशी असलेल्या नळाचे पाणी दोन मिनिटे वाहू द्यायचे, काचेची नळी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, खुणेपर्यंत भरायची, त्यात औषधाची पूड टाकायची आणि उमटलेला गुलाबी रंग तक्त्यावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. रंग फिका आला तर क्लोरीन कमी, म्हणजे जंतूंचे भय. नेमका आला तर वहीत आकडा लिहून सही करायची. सही झाली की चावीवाले काका वॉल्व्ह उघडत आणि पाणी शहराकडे निघे.

हा चौकसपणा त्यांना नोकरीने शिकवला नव्हता. त्यांची आई असेपर्यंत सांगत असे, की ही थोरली पाळण्यात होती तेव्हाच नवा चेहरा दिसला की रडून घर डोक्यावर घेई आणि धाकटी ज्याच्यात्याच्या कडेवर जाऊन बसे. पाहुणे आले की थोरली अर्धा तास दाराआड उभी राही. मग बाहेर येऊन आईच्या कानात सांगे, की निळ्या सदऱ्यातल्या काकांची चप्पल तुटली आहे आणि त्यांना घरी जायची घाई आहे. ती बुजत असे, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. बाईंनी लग्न केले नाही. कोणी कारण विचारले तर म्हणत, "विचार करत होते, तेवढ्यात वय झालं." हे त्या विनोदाने म्हणत की खरेच तसे घडले होते, ते समजत नसे.

या स्वभावाचे ओझे वाहायला केंद्रात आणखी एक माणूस होता. तेथले मुख्य रसायनतज्ज्ञ, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, ते बाईंच्या सहीखाली स्वतःची सही करीत. वहीकडे ते पाहतही नसत. "तुम्ही पाहिलंय ना? मग मी पुन्हा पाहून पाण्याचा अपमान कशाला करू?" असे म्हणून पेन खिशाला लावत. ते पाहत नाहीत हे बाईंना ठाऊक होते. तरीही ती दुसरी सही उमटली की त्यांच्या छातीतले काहीतरी खाली बसे आणि त्या डबा उघडून जेवत.

थोरले साहेब निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. केंद्राच्या प्रमुखांनी एका ओळीचा आदेश काढला, की यापुढे एकच सही पुरेशी समजावी.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी बाई बसथांब्यावर उभ्या असताना सकाळी नळी तीनदा विसळली की दोनदा, हे त्यांना आठवेना. त्या परत फिरल्या. पाणी केव्हाच लोकांच्या घरी जाऊन, पिऊन, संपूनही गेले होते. तरी त्यांनी नवा नमुना घेतला. रंग नेमका आला. त्यांना बरे वाटले, पण ते बरे वाटणे बस येईपर्यंतच टिकले.

मग सकाळच्या एका तपासणीच्या तीन झाल्या, तिनाच्या सहा. चावीवाले काका हातात लोखंडी चावी घेऊन दाराशी ताटकळत.

"ताई, सोडू का?"

"थांबा काका, एकदा अजून."

"अहो, रंग तोच येणार. पाण्याला रोज नवे कपडे कोण शिवतंय?"

"तुम्ही चेष्टा करा. उद्या कुणाचं मूल आजारी पडलं तर सही माझी आहे."

काका चावी भिंतीला टेकवत आणि बसून राहत. पाणी आधी दहा मिनिटे उशिरा जाऊ लागले, मग पंचवीस. डोळ्यांना रंग स्पष्ट दिसे आणि छाती म्हणे, नाही, तू नीट पाहिले नाहीस. सही करताना बाईंच्या हाताला घाम सुटे. एकदा पान ओले होऊन आकडा पसरला, तर त्या पसरलेल्या आकड्याचेच त्यांना दिवसभर भय वाटत राहिले.

याला कोणी आजार म्हटले नाही. प्रमुख म्हणाले, "बाई मुळातच चोख आहेत." इमारतीत लोक म्हणाले, "त्यांचा स्वभावच तो." बाईंनाही तसेच वाटत होते. जन्मभर ज्याची सोबत आहे त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? आजार स्वभावाचेच कपडे घालून आला होता, त्यामुळे त्याला कोणी दारात अडवले नाही.

अडवले ते धाकट्या बहिणीने. ती मोटार चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीकडे नेली तरी ती शांतपणे म्हणते, "भिंत कुठं जात नाही, आपण वळू." एका रविवारी ती थोरलीकडे आली आणि तिने न विचारता फ्रीज उघडला. आत चार दिवसांचे चार डबे भरलेले तसेच होते.

"हे काय गं? संग्रहालय काढलंयस?"

"भूक नसते."

"झोप?"

"लागते. तीनला मोडते."

"आणि मग?"

"मग काय! मोजत बसते, नळी कितीदा विसळली ते. तुला माहितीये मी कशी आहे."

"तेच तर माहितीये," धाकटी खुर्ची ओढून समोर बसली. "तू लहानपणापासून भित्री. पण भिऊन झालं की तू जेवायचीस. आता तुझं भिऊन होतच नाही. हे तुझं नाही, ताई. हे दुसरं काहीतरी आहे."

ती बहिणीला जवळजवळ ओढूनच मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तासभर ऐकून घेतले. भीती कधी येते, किती वेळ राहते, कशाने जाते, पूर्वी काय करायला आवडे आणि ते आता आवडते का, हे विचारले. शेवटच्या प्रश्नावर बाईंनी कुंड्यांचे नाव काढले. गच्चीवरच्या कुंड्यांना त्यांनी दीड महिना पाणी घातले नव्हते आणि त्याचे वाईटही वाटले नव्हते.

"काही जमिनी मुळातच ओल धरून ठेवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो जमिनीचा दोष नाही. अशा जमिनीत काही पिकं फार चांगली येतात, तुमची नोकरी त्यातलंच एक. पण वरून पाऊस वाढला आणि निचरा बंद झाला, तर तिथं चिखल लवकर होतो. कोरड्या जमिनीतही होतो, पण उशिरा. तुमची ओल जुनी आहे. चिखल आठ महिन्यांचा आहे. काळजी लांबली, आणि आता तिच्यामागून उदासी आत शिरली आहे."

"म्हणजे मला होणारच होतं हे?"

"मुळीच नाही. तुमच्यासारख्या स्वभावाची कितीतरी माणसं जन्मभर नुसती काळजी करतात आणि ठणठणीत राहतात. धोका जास्त असणं वेगळं आणि नशिबात असणं वेगळं." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "आणि बिनधास्त माणसांनीही फार ऐटीत राहू नये."

"मी कुठं काय बोलले!" धाकटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला यायला सांगितले. बाई दाराशी जाऊन परत फिरल्या. "या गोळीनं माझी काळजी गेली, तर पाण्याची काळजी कोण घेणार?"

"गोळी आजारावर आहे, स्वभावावर नाही."

बाईंनी मान डोलावली, घरी आल्या आणि गोळ्यांची पाकिटे कपाटात चादरीखाली ठेवून दिली. आपली भीती हेच शहराचे कुंपण आहे अशी त्यांची खात्री होती. कुंपण काढायचे कसे? दोन महिने त्या धाकटीला फोनवर "घेते गं" असे सांगत राहिल्या.

याच काळात त्यांना घरच्या नळाचे पाणी घशाखाली उतरेनासे झाले. त्यांनी ते आधी एकदा उकळले, मग दोनदा. पुढे त्या केंद्रातून घरी येताना विकतच्या सीलबंद बाटल्या कापडी पिशवीत लपवून आणू लागल्या. एका सोमवारी जिन्यात पिशवीचा बंद तुटला आणि चार बाटल्या पायऱ्यांवरून गडगडत दुसऱ्या मजल्यावर काकूंच्या पायाशी जाऊन थांबल्या.

"अगं बाई! हे काय?" काकूंनी एक उचलून पाहिली. "विकतचं पाणी? तू?"

बाईंना खोटे बोलता येत नव्हते आणि खरे सांगायचे धैर्य होत नव्हते. त्यांनी बाटल्या गोळा केल्या आणि एक शब्दही न बोलता वर गेल्या. त्या न बोलण्यानेच सगळा घोटाळा केला.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झाले, की पाणी तपासणारीच पाणी पीत नाही. मंगळवारी ते शेजारच्या गल्लीत गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाटल्या दुपारी संपल्या. केंद्रातला फोन वाजायचा थांबेना. बुधवारी सकाळी प्रमुखांनी बाईंना बोलावले.

"खरं काय ते सांगा. पाण्यात काही आहे?"

"नाही, साहेब. सगळे आकडे ठीक आहेत."

"मग बाटल्या?"

बाईंनी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. प्रमुख वाईट नव्हते. ते म्हणाले, "घरच्या टाकीची दुरुस्ती चालू होती असं सांगून टाका. मी दुजोरा देतो. कारण दुसरं काही असेल, तब्येतीचं वगैरे, तर मला तुमचा सहीचा अधिकार काढून घ्यावा लागेल. ते मला नको आहे, तुम्हालाही नको असेल."

टाकीची सबब घेऊन बाई दुपारी घरी आल्या. आता फक्त ती लोकांना सांगायची होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून त्या वाक्य जुळवू लागल्या आणि त्यांची नजर मागच्या अंगणात गेली. तिथल्या जुन्या हापशापाशी बादल्यांची रांग लागली होती. शेजारून सांडपाण्याची वाहिनी जाते म्हणून बाईंनीच आठ वर्षांपूर्वी नमुना तपासून तो हापसा बंद करायला लावला होता. त्यावरची लाल खूण पुसट झाली होती आणि दांड्याची साखळी कोणीतरी तोडली होती. तळमजल्यावरची एक तरुण आई पाच महिन्यांच्या मुलाला कडेवर घेऊन कळशी भरत होती.

बाई घाबरल्या. पण ही भीती ओळखीची, जुनी, कामाची भीती होती. हिला कारण होते आणि काय करायचे तेही ठाऊक होते. दहा महिन्यांत प्रथमच दोन्ही भीती शेजारीशेजारी उभ्या राहिल्या आणि बाईंना त्यांतला फरक दिसला. पाण्याला जपण्यासाठी ज्या दुसऱ्या भीतीला त्या सांभाळत होत्या, तिनेच माणसांना चांगल्या पाण्यावरून उठवून घाणीच्या तोंडाशी नेले होते. टाकीच्या सबबीने हे थांबणार नव्हते. आता कोणीही त्या सबबीवर विश्वास ठेवला नसता.

जिना उतरता उतरता त्यांनी धाकटीला फोन लावला. "ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

"दोन महिने लागले विचारायला?" धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "नंतर. आधी जेव."

पुढचे येथेच सांगून टाकतो. प्रमुखांनी खरोखरच त्यांची सही काढून घेतली. सात महिने त्या नमुने घेत आणि सही दुसऱ्या केंद्रातून आलेला माणूस करी. गोळ्यांनी आणि डॉक्टरीणबाईंकडच्या फेऱ्यांनी झोप आली, भूक आली, अगदी शेवटी कुंड्या आठवल्या. मध्ये एकदा सगळे पुन्हा घसरले आणि पुन्हा सावरले. सही परत मिळाली तेव्हा प्रमुखांनी वहीत खाली दुसऱ्या सहीची जागा आखून दिली. स्वभाव मात्र होता तिथेच आहे. नळी आजही तीनदा विसळली जाते, दहादा नाही.

त्या दुपारी यातले काहीच ठाऊक नव्हते. बाई अंगणात पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी त्या तरुण आईच्या हातातली कळशी घेतली आणि जमिनीवर उपडी केली. रांगेत गलका झाला. "आमच्या पाण्यात विष आहे ते सांगत नाही, वर हेही ओततेय!" कोणीतरी ओरडले. बाईंचे शब्द एकमेकांत अडकत होते. नळाचे पाणी चांगले आहे आणि हे वाईट, एवढे त्यांनी तीनदा सांगितले. कोणी हलले नाही.

काकू घरात गेल्या आणि नळावरून पेला भरून घेऊन आल्या. त्यांनी तो सगळ्यांच्या देखत बाईंच्या पुढे धरला. "चांगलं आहे ना? मग घे, पिऊन दाखव. तू प्यायलीस की आम्ही प्यालो."

बाईंनी पेल्याकडे पाहिले. हात पुढे गेला नाही. मग त्या काकूंच्या डोळ्यांत पाहून बोलल्या, आणि या वेळी शब्द अडकले नाहीत.

"नाही पिणार. आज मला पिववत नाही. आजारी मी आहे, पाणी नाही. माझ्या घशावर काय जाता, वहीतल्या आकड्यावर जा, आणि तो हापसा आधी सोडा."