पप्पांनी मागितलेली मुदतवाढ

आमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना म्हणजे जवळजवळ कॅबिनेटची बैठक असे. पप्पा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य, हे ते नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावाकडून शिकून आले होते. ती प्रोटोकॉलप्रमाणे करायची, ही भर त्यांनी दिल्लीत घातली. आधी राष्ट्रपती, मग पंतप्रधान, मग आमच्या खात्याचे मंत्री, राज्यमंत्री, सचिव, असं उतरत उतरत अंडर सेक्रेटरीपर्यंत. आजारी नातेवाईक त्याच्याही खाली. माझ्या परीक्षेचा नंबर येईपर्यंत कुकर गार झालेला असे. माझ्या मार्कांचं खापर मी बरीच वर्षं ह्या क्रमावर फोडत असे.

नावं मात्र ते घेत नसत, फक्त पदं. त्या वर्षांत सरकारं पटापट पडत होती. नाव घ्यावं आणि आमेन म्हणेपर्यंत माणूस माजी व्हावा, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पप्पांच्या मते पृथ्वीवरची सगळी सरकारं ॲड-हॉक. चांगली असोत, वाईट असोत, त्यांचा मान राखायचा, त्यांचं काम चोख करायचं, त्यांच्यासाठी देवाजवळ बोलायचं. पण डोकं त्यांच्या मांडीवर ठेवायचं नाही. पर्मनंट राज्य एकच, येशूचं, आणि तिथला राजा निवडून आलेला नसल्यामुळे तो पडायचीही भीती नाही. मी तेव्हा राज्यशास्त्रात एम.ए. करत होते. म्हणजे राज्य कशाला म्हणतात हे जगात फक्त मलाच कळत होतं. लोकांनी न निवडलेला राजा मला मान्य नाही, असं मी एकदा जेवताना जाहीर केलं. आईनं शांतपणे विचारलं, त्यानं तुला निवडलंय ते मान्य आहे ना, मग दुधी घे थोडा.

ह्या सगळ्याचा एक परिणाम असा, की आमचं स्वतःचं घर नव्हतं. पप्पांच्या बरोबरीच्या लोकांनी फरीदाबादला प्लॉट घेतले, गाझियाबादला फ्लॅट बुक केले. पप्पा म्हणत, आपली जागा वर तयार होतेय, खाली कशाला डबल अलॉटमेंट? आई म्हणायची, वरची मला बिल्कुल काळजी नाही, मधल्या काळाचं बोला. पण मधला काळ सरकारी क्वार्टरमध्ये छान चालला होता. दोन खोल्या, मागे व्हरांडा, पुढे गुडघ्याएवढं कुंपण. मी तिथेच जन्मले, आणि हे घर आमचं नाही ही गोष्ट मला भूगोलातल्या एखाद्या नदीसारखी माहीत होती. माहीत होती, पाहिली नव्हती.

मग पप्पा रिटायर झाले. हार, समोसे, भाषणं, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी टाय बांधून बाहेर पडले. आई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. नंतर कळलं, की ते महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाऊसमध्ये जाऊन मराठी पेपर वाचत बसतात आणि ऑफिस सुटायच्या वेळेला घरी येतात. त्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेत राष्ट्रपती झाले, पंतप्रधान झाले, "आमच्या खात्याचे" म्हणून पप्पा थांबले. खातं आता आमचं नव्हतं. मी एक डोळा उघडून पाहिलं. त्यांची हनुवटी हलत होती, आवाज येत नव्हता. आईनं त्यांच्याकडे न बघता सूत्रं हाती घेतली आणि मंत्र्यांपासून अंडर सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थना केली. एकही माणूस गाळला नाही. तिला हा क्रम पाठ आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

नियमाप्रमाणे क्वार्टर सोडायला काही महिने मिळाले. मी आणि आई गाझियाबादला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या बघून आलो. यमुना ओलांडून जायचं म्हटल्यावर आई खुशीत आली. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून देवानं वचन दिलेल्या कनान देशात गेले, तसं आपण जायचं, म्हणाली. पप्पा म्हणाले, कनान देश तिकडे असता तर सरकारनं आधीच ताब्यात घेतला असता. विनोद झाला, पण सामान काही हलेना. किराणावाल्याकडून आणलेले रिकामे खोके भिंतीला लागून उभे होते. आईनं पातेली भरली, की पप्पा त्यातलंच एक काढून दूध तापवत. ज्या माणसानं जन्मभर आपण ह्या जगात पाहुणे आहोत म्हणून सांगितलं, त्याच्याच्यानं हा पाहुणचार सोडवेना. ते बारीक होत चालले होते. घर सुटलं तर ह्यांचं काय होईल, ही धास्ती आईला होती. ती मला तिनं भांडी घासताना, नळाच्या आवाजात सांगितली.

मुदत संपत आली तेव्हा त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं तोड सुचवली. घरात गंभीर आजारपण दाखवलं तर मुदतवाढ मिळते, डॉक्टरच्या सर्टिफिकेटचं तो बघून घेईल. त्या दिवशी पप्पा घरी आले आणि टाय न सोडता आईसमोर बसले.

"अगं, तुझे गुडघे दुखतात ना?"

आई वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुखतायत. आज अचानक सरकारला कळवायचंय होय?"

पप्पांनी सगळं समजावून सांगितलं. खोटं असं काही नाही, थोडं वाढवून, सहा महिन्यांचा तर प्रश्न. आईनं ऐकून घेतलं. ताट बाजूला ठेवलं.

"अहो, रोज संध्याकाळी येशूचं राज्य येऊ दे म्हणता. उद्या तो खरंच दारात आला, तर त्यालाही मुदतवाढ मागणार का?"

मला वाटलं पप्पा चिडतील. ते उठले, टाय सोडला आणि वाटाणे सोलायला बसले. निम्मे दाणे जमिनीवर सांडले. त्या संध्याकाळची प्रार्थना आमच्या घरातली सगळ्यात छोटी. त्यात पदं नव्हती. "प्रभू, राज्य तुझं आहे. आम्ही भाडेकरू. सोडताना मन मोठं दे." एवढंच. कुकरची शिट्टीसुद्धा व्हायची होती.

मन लगेच मोठं झालं असं नाही. खोके दोन दिवस तसेच राहिले. रविवारी आम्ही चर्चहून परतलो, तर कुंपणापाशी एक जोडपं उभं होतं. हे घर त्यांना मिळणार होतं, आणि दिल्लीत पुढचा माणूस आधीच घर बघायला येतो, तशी रीतच आहे. तो बिचारा हात जोडून माफी मागत होता. बायको गरोदर, दिवस भरत आलेले, घामानं डबडबलेली. पप्पांचा चेहरा मी पाहिला आणि वाटलं, हे आता कुंपणावरूनच त्यांना नमस्ते करून पाठवणार. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "अंकल, यहाँ मच्छर बहुत हैं क्या? बच्चा छोटा होगा ना।"

"आइए," पप्पा म्हणाले. "अंदर आइए, धूप में मत खड़ी रहिए।"

आणि त्यांनी तिला सगळं घर दाखवलं. थंडीत ऊन मागच्या व्हरांड्यात कुठल्या कोपऱ्यात येतं. कुठला नळ जोरात पिळायचा नाही. पाळणा टांगायला छताला कडी कुठे आहे. ती कडी माझ्या पाळण्याची, हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं, आणि उगीचच लाजले. डासांबद्दल मात्र पप्पांनी खरं ते सांगितलं. मागच्या खिडकीची जाळी फाटलेली आहे, डास येतात.

सोमवारी सकाळी ते टाय न बांधता बाहेर पडले आणि गेस्ट हाऊसला न जाता कॉलनीच्या एन्क्वायरी ऑफिसात, म्हणजे दुरुस्तीच्या तक्रारी घेतात तिथे, जाऊन बसले. उठेचनात. दुपारी सुतार घेऊनच आले. इतक्या वर्षांत ते तिथे एकदाही गेले नव्हते. जाळी बसेपर्यंत स्वतः स्टूल धरून उभे होते.

आई दारात कमरेवर हात ठेवून बघत होती. इतकी वर्षं माझं रक्त प्यायले ते डास सरकारचे नव्हते वाटतं, असं तिनं विचारलं. पप्पा ओशाळले.

"आपण काय, जाणारी माणसं, असं वाटायचं मला," ते म्हणाले. "तुला इथे रोज बसायचं असतं, हे लक्षातच आलं नाही."

आई म्हणाली, चला, उरलेले दिवस तरी बसू.

टेम्पो बुधवारी यायचा होता. दोन्ही संध्याकाळी, बांधलेल्या सामानाच्या मधोमध, ती दोघं त्या खिडकीशी खुर्च्या लावून बसली. डास बाहेर जाळीवर गुणगुणत होते. पप्पांनी आईच्या गुडघ्यांना तेल लावलं, आणि तिनं, सवय नसल्यामुळे, आधी पाय मागे घेतले आणि मग पुढे केले.