टपावरची एक रात्र

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, सगळी गल्ली 'सीटवाले' म्हणते. चाळीस वर्षं माणसाने एकच धंदा केला, गाड्यांच्या सीटा शिवायचा. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला बसका फोम काढायचा, नवा भरायचा आणि वरून नवं कव्हर असं चढवायचं की गिऱ्हाईक हात फिरवत बसावं. हात सोन्याचा आहे त्यांचा. एवढं मी मान्य करते. बाकी काही मान्य करायची आज माझी तयारी नाही.

जुन्या सीटमधून काय काय निघतं ते भाऊजी आम्हाला जेवताना ऐकवायचे. बिस्किटांचा चुरा, केस, च्युइंगगम, एकदा तर कुणाचा तरी दात. 'माणूस म्हणजे वस्तूला लागलेली कीड,' हे त्यांचं ठाम मत. म्हणून स्वतःच्या गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक त्यांनी अकरा वर्षांत काढलेलं नाही. उन्हाळ्यात त्या गाडीत बसलं की मांड्या चिकटायच्या आणि उठताना चर्र आवाज यायचा. आमचे हे म्हणायचे, "साडूभाऊंच्या गाडीतून उतरलो की मला पाकिटातून काढल्यासारखं वाटतं."

ताई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. सव्वीस वर्षं, उभ्याने. लाँड्री तळघरात. खिडकी एकच, छताला लागून, तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. "मी माणसं बुटांवरून ओळखते," ती हसत सांगायची. आपण पण हसायचो. गुडघे गेले ते तिथेच. रात्री दोन्ही गुडघ्यांना उग्र वासाचं तेल चोळून, वर फडकी गुंडाळल्याशिवाय तिला पाय लांब करता यायचे नाहीत.

एक दिवस भाऊजींच्या दुकानात एक गाडी आली. टपावर चपटी पेटी. ताई त्यांचा डबा घेऊन गेली होती. मालकाने हौसेने पेटी उघडून दाखवली, आणि पुस्तक उघडावं तसा आख्खा तंबू उलगडला. आत गादी, खिडक्या, खाली उतरायला शिडी. ताई वर चढली. गुडघे तेव्हा एवढे बिघडले नव्हते. पाच मिनिटं बसली, खाली आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला एकदा यात झोपायचंय. एक रात्र. सगळ्यांच्या वर."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. तिने नवऱ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. साडी नाही, दागिना नाही. मला तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

आणि भाऊजींनी तंबू आणला. खोटं कशाला बोलू? कोरा आणला, साठवलेले पैसे काढून आणला. वर आणखी काय केलं, तर कंपनीची करड्या कापडाची गादी त्यांना बघवेना. "ही काय गादी आहे? गोणपाट आहे," म्हणाले. ताईला दुकानातली कापडं दाखवली, तिने सायीच्या रंगाची मखमल निवडली. तीन आठवडे दुकान बंद झाल्यावर बसून त्यांनी त्या गादीला मखमलीचं कव्हर शिवलं. कडेला दुहेरी शिलाई, कोपऱ्यात एक सुरकुती नाही. मी बघायला गेले तर मला बोट लावू दिलं नाही. लांबून बघ म्हणाले.

तिथेच मला कळायला हवं होतं. तंबूत कोणी सायीच्या रंगाची मखमल घालतं का हो? चिखलातून चढायचं आणि मखमलीवर लोळायचं! ही चूक फक्त सीटवालाच करू जाणे. पण मी काय केलं? घरी येऊन आमच्या ह्यांना टोमणा मारला. "बघा. शिका जरा. बायकोची हौस कशी पुरवतात ते."

मग तो तंबू ठेवायचा कुठे? साठ किलोचं धूड. कायम टपावर ठेवला तर उन्हाने कापड विटतं. जमिनीवर ठेवला तर ओल धरतो. भाऊजींनी दुकानाच्या छताला चार कप्प्या बसवल्या, त्यातून दोर ओवले आणि तंबू वर टांगला. दर पंधरा दिवसांनी तो खाली घ्यायचा, उघडायचा, वारं द्यायचं, चेनला मेण चोळायचं, शिवणी तपासायच्या, पुन्हा वर चढवायचा. दोर ओढायला दोन माणसं लागतात. एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला ताई. आठवडाभर तळघरात उभी राहिलेली बाई सुट्टीच्या दिवशी दोर धरून उभी. "अगं, झोपलीस का एकदा तरी त्यात?" मी विचारायचे. "जाणार आहोत ना," ती म्हणायची. तळहातावरच्या फोडासारखा जपला हो त्यांनी तो तंबू. बायकोच्या तळहाताला फोड आले, त्याचं काय?

दीड वर्षाने मुहूर्त लागला. आम्ही नवरा-बायको मदतीला गेलो, चौघांनी मिळून तंबू गाडीच्या टपावर चढवला, भाऊजींनी एकेक नट तीनदा आवळला. तीन तासांवर एक मोठा तलाव आहे, तिथे एक रात्र राहायचं ठरलं. ताईने नवा गाऊन घेतला होता. निघताना तिने मला खिडकीतून हात केला. शाळेच्या सहलीला निघालेलं पोर जसं हात हलवतं, तसा. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"छान," ताई म्हणाली. "वरून सगळं दिसतं. पाणी, पलीकडचे दिवे, सगळं."

बस, एवढंच. मला वाटलं, लाजत असेल. नवरा-बायकोची गोष्ट, आपण कशाला खोदून विचारा. पण त्यानंतर सहा वर्षं मी आमच्या ह्यांचं डोकं खाल्लं. भाऊजींनी ताईला नेलं, तुम्ही मला कुठे नेलंत? चांदण्यात झोपवलं त्यांनी तिला, तुम्ही साधा पंखा दुरुस्त करत नाही! बिचारा माणूस. प्रत्येक भांडणात मी तो तंबू ह्यांच्या डोक्यावर उघडत होते.

परत जाणं मात्र झालं नाही. पाऊस असला की बुरशी धरेल. ऊन असलं की रंग उडेल. वारा असला की दांडे वाकतील. "पुढच्या महिन्यात बघू," भाऊजी म्हणायचे, आणि दोर ओढायचे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं. मग ताईचे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शिडी, स्टूल, काही चढायचं नाही, कायमचं. ताईने मान हलवली आणि काठी घेतली.

गेल्या महिन्यात भाऊजींनी दुकान बंद केलं. जागा रिकामी करून द्यायची होती, तेव्हा तंबू विकायचं ठरलं. भाऊजींना फोनवर टाइप करता येत नाही, म्हणून जाहिरात लिहायला मला बोलावलं. मी पोस्टाच्या काउंटरवर असते, जन्मभर लोकांचे फॉर्म भरून देते, माझ्याइतकं हक्काचं माणूस कोण मिळणार? दुपारची वेळ. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाऊजी आणि मी. ताई खिडकीपाशी खुर्चीवर, मांडीवर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग.

"लिही," भाऊजी म्हणाले. "गाडीच्या टपावरचा तंबू. दोन माणसांचा. शिडी आणि कव्हरसकट. बुरशी नाही, फाटलेला नाही, एक डाग नाही. फक्त एक रात्र वापरलेला."

मी लिहिलं.

"पुढे लिही, एकाच माणसाने."

माझा अंगठा थांबला. "एकाच कसं? दोघं गेला होतात ना?"

"हो, पण वापरलाय एकानेच. बघायला येणाऱ्याला कळतं ते. मखमलीची लव एकाच बाजूला बसलीये, दुसरी बाजू अजून उभी आहे. मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. चाळीस वर्षांत बोललो नाही."

मी ताईकडे बघितलं. ती टॉवेलाची घडी घालत होती.

"ताई?"

"मी खाली गाडीत झोपले होते," ती म्हणाली. "गुडघ्यांना तेल लावलं होतं ना. डाग पडले असते गादीला."

मला वाटलं, ती थट्टा करतेय. मग तिचा चेहरा बघितला. मी फोन टेबलावर उपडा ठेवला.

"मी तिला म्हटलं होतं, एक रात्र तेल नको लावू," भाऊजी म्हणाले. "एक रात्र! माणसाला एवढं जमत नाही?"

"तीन तास त्या गाडीत बसून पाय लाकडासारखे झाले होते," ताई म्हणाली. "तेल लावलं नसतं तर शिडीच चढता आली नसती. चढले, दारात बसले दहा मिनिटं. मग तुम्ही गादीवर वर्तमानपत्रं पसरायला लागलात, मी बसणार तिथे. मी म्हटलं, राहू दे, मी खाली जाते."

"मग? तू तुझी गेलीस. मी पाठवलं नव्हतं."

"नव्हतं पाठवलंत. पण नको जाऊ, असंही म्हणाला नाहीत. मी शिडी उतरताना तुम्हाला माझी बॅटरी दिसत होती. खाली जाऊन गाडीचं दार मी लावलं तेवढ्यात वर तुमची चेन बंद झाल्याचा आवाज आला."

मी मग बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लाज वाटत नाही का, हे तर झालंच. त्या मखमलीचं स्वतःसाठी कफन शिवून घ्या, इथपर्यंत गेले. भाऊजी टेबलावरचं प्लास्टिकचं कापड बोटाने घासत बसले. खरं सांगायचं तर मला त्यांच्यापेक्षा माझाच राग येत होता. सख्खी बहीण मी तिची. ती एका शब्दात 'छान' म्हणाली आणि मी ते 'छान' सहा वर्षं मिरवत फिरले.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी ताईला विचारलं.

"काय सांगू? त्यांनी तीन आठवडे माझ्यासाठी कव्हर शिवलं, आणि मग माझेच पाय त्यावर नको झाले, हे सांगू? कसं सांगायचं असतं गं ते?"

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता तंबू जमिनीवर उघडते, पंधरा दिवसांचं तेल एकदम चोळ आणि लोळ त्याच्यावर. ती नको म्हणाली. "जमिनीवर काय, माझा पलंग आहे की," म्हणाली. तिला उंचावर झोपायचं होतं, आणि ते आता या जन्मात व्हायचं नव्हतं. हे तिला माझ्याआधीच कळून चुकलं होतं.

मग भाऊजी म्हणाले, "ते 'एकाच माणसाने' काढून टाक."

"राहू दे," ताई म्हणाली. "खरं आहे ते."

मी तसंच ठेवलं आणि जाहिरात टाकली. भाऊजींचा नंबर दिला होता. चहा व्हायच्या आत फोन वाजला. शिलाई मशीनपाशी आयुष्य गेल्यामुळे भाऊजींना कमी ऐकू येतं, ते फोन कायम स्पीकरवर ठेवतात. पलीकडे कोणी तरुण होता. त्याने मापं विचारली, वजन विचारलं, शिडीची उंची विचारली. भाऊजी उत्साहात आले, शिवणीबद्दल सांगू लागले.

"आणि एक विचारू?" तो म्हणाला. "दोघांचा तंबू आहे, मग एकाच माणसाने वापरलेला कसा काय? काही प्रॉब्लेम आहे का?"

भाऊजींनी आमच्याकडे बघितलं नाही.

"तंबूत काही नाही हो," ते म्हणाले. "आमच्या मिसेसना उंचीची भीती वाटते."

ताईने मांडीवरचे टॉवेल बाजूला ठेवले. काठी टेकत उठली, टेबलापाशी आली आणि फोनवर वाकली.

"नाही वाटत," ती म्हणाली. "मला उंचीची भीती कधीच वाटली नाही."